माझं गाऱ्हाणं तू बांधीत गायलीस

माय,

तू मेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा आता मला धड आठवत नाही. आवाज आठवतो. आवाजाच्या बाबतीत माझी चूक होत नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. तुझ्याशी बोलायची मला हौस आहे असं समजू नकोस. उद्या माझा कार्यक्रम आहे, इथं परदेशात, तिकिटं सगळी गेलीत, आणि माझी एकुलती एक लेक मला सांगून गेली आहे की एका गाण्यातली एक ओळ काढ. काढावी की ठेवावी हे विचारायला जिवंत माणसांतलं कुणी मला सुचलं नाही. या कामातली उस्ताद तूच. तू मेलेली आहेस हे एका परीनं बरंच झालं, जिवंत असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस.

मी काय करते ते सांगते. मी जॅझ गाते. म्हणजे एक बाई पुढं उभी राहून गाते, मागं चारपाच जण वाजवतात, ती एक ओळ टाकते, ते उचलतात, वाकवतात, परत तिच्या अंगावर फेकतात. अर्धं ठरलेलं, अर्धं तिथल्या तिथं सुचलेलं. तुला हे समजायला वेळ लागायचा नाही, कारण तू आयुष्यभर हेच केलंस, फक्त गुडघाभर चिखलात उभी राहून. आणि मी गाते ते सगळं माझंच असतं. गाव सुटलं ते, चांद्याला राहिले ते, मग नागपूर, मग मुंबई, मग हा बर्फाचा देश; कुणाची लेक होते, कुणाची आई झाले. स्वतःचं घर असं चव्हाट्यावर मांडायला फार धैर्य लागतं, असं इथले पेपरवाले लिहितात. तुला कोणी धैर्यवान म्हटलं नाही बाई. तुला म्हणायचे तोंडाळ.

सन पन्नास-पंचावन्नच्या आसपासची गोष्ट असेल, तेव्हा मी दहाएक वर्षांची. मालगुजारी कागदावरून गेली होती, पण वैनगंगेपलीकडच्या आपल्या गावात धानाच्या चांगल्या बांध्या, ती पाण्यानं भरलेली खाचरं, अजून मालगुजाराच्याच होत्या. त्यांच्या रोवणीला बाया लागत, आणि बायांच्या आधी तू लागायचीस. तू असलीस की रोवणी पळते, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मला अजून दिसतं. बाया रांगेनं वाकलेल्या आहेत, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन रोपं सुटी करून चिखलात खोचतायत आणि एकेक पाऊल मागं सरकतायत. डोक्यावर पाऊस, पाठीवर पळसाच्या पानांचं इरलं. तू मधोमध. तू ओळ टाकतेस, डावी-उजवीकडच्या बाया झील धरतात, म्हणजे तुझ्या ओळीचं शेपूट उचलून परत परत म्हणतात, आणि गाणं धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, पोचेस्तोवर कुणी कंबर सरळ करायची नाही हा तुझा कायदा. जिनं केली तिचं नाव पुढच्या ओळीत आलंच समज. कुणाच्या सासूनं भात चोरून झाकून ठेवला, कुणाच्या नवऱ्याला मोहाची चढली नि तो गोठ्यात झोपला, सगळं तू गायचीस. जिचं गायलं जायचं तीसुद्धा हसत हसत रोवायची, कारण रडली तर आणखी दोन ओळी मिळायच्या.

बाप गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी तू गप्प बसशील. तो कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून बल्लारपूरकडे गेला आणि तिथं त्यानं दुसरी केली. बातमी आली त्या दिवशी तू चुलीपुढं बसून राहिलीस, हंडीतलं पाणी आटून गेलं तरी उठली नाहीस. मी घाबरले होते. आठवड्यानं रोवणी लागली आणि पहिल्याच बांधीत तू सुरू केलंस:

नवरा उतरला खानीत गं, खानीत भेटली रानी,
तिच्या पानात भात-वरन, माह्या हंडीत निस्तं पानी.

बाया अशा हसल्या की एकीच्या हातातली पेंडी वाहून गेली. धुऱ्यावर छत्री घेऊन उभा असलेला मालगुजाराचा दिवाणजी, जो एरवी बायांना शिव्या घालण्यापलीकडे तोंड उघडत नसे, तोही हसला. मी तुझ्या पाठीमागं पेंड्या फेकत होते. मला वाटलं, माझी माय केवढी मोठी आहे. बापाची लाज सगळ्यांच्या घरात गेली आणि आपल्या घरात तिचं ओझं राहिलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. माझ्यावर ती वेळ अजून यायची होती म्हणून.

खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून तू मला चांद्याला मावशीकडे धाडलंस. मावशी मिशनच्या दवाखान्यात आया होती, तिची पोरं सांभाळायला तिला कुणी हवं होतं. तिथं वाईट काहीच नव्हतं, दोन वेळा जेवण मिळायचं आणि शाळेतही घातलं होतं. पण मला झोप यायची नाही. पुढच्या आखाडात आपल्या गावचे लोक रोवणीसाठी चांद्याहून परत निघाले तेव्हा मावशीला न विचारता मी त्यांच्या बैलगाडीत चढून बसले. दोन मुक्काम, नदीला डोंगा, पुढं चिखल तुडवत पायी. गावात शिरले तेव्हा तू नाल्यावर चिखलाचे पाय धूत होतीस. मला पाहून म्हणालीस, “काऊन आली वो? हाकलली का तिनं?”

मी तुझ्या अंगावर जाऊन पडले. ओल्या लुगड्याला धुराचा आणि चिखलाचा वास होता. मी तुझ्या पदरात डोकं खुपसून म्हटलं, “मले तुह्याशिवाय झोप नाई येत. मले तिथी नको धाडू, माय. मले तुह्या पोटाशी घे.” आणि तू घेतलंस. हे लिहिताना मला राग येतोय, कारण तू खरंच घेतलंस. डोक्यावरून हात फिरवलास, माझ्या केसांतली गवताची काडी काढलीस, आणि “बरं बरं, नाई धाडत” असं अगदी हळू म्हणालीस. तुझ्या आवाजाची ती पट्टी मी आधी कधी ऐकली नव्हती. माझ्या आयुष्यात मी कुणापाशी एवढं उघडं बोलले नव्हते, नंतरही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मालगुजाराची सगळ्यात मोठी बांधी होती. मलाही रांगेत घेतलं होतं, तुझ्यापासून चार बाया सोडून. पाऊस थांबत नव्हता, बाया थकल्या होत्या, दिवाणजी धुऱ्यावरून ओरडत होता की असं चाललं तर दिवाळीत रोवणी संपेल. तू खाणीतली राणी काढलीस, पण ती शिळी झाली होती, कुणी हसलं नाही. रांग ढिली पडली. तू थोडा वेळ नुसतीच रोवत राहिलीस. मग मान न उचलता, तिरक्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू मला थकलीस का असं विचारतेयस, म्हणून मी हसले. आणि तू टाकलंस:

लग्नाले आली घोडी गं, मायच्या पदरात शिरते,
बत्तीस दात आले तरी दूध पिवाले फिरते.

बत्तीस कुठले? माझ्या दाढा अजून यायच्या होत्या. पण खरा आकडा तालात बसत नव्हता. बाया खदखदून हसल्या आणि झील उचलली, दूध पिवाले फिरते गं, दूध पिवाले फिरते. रांग एकदम पळायला लागली. माझ्या शेजारची म्हातारी तेवढी म्हणाली, “अवो, लेकराले काऊन मधात आनते?” तू वळूनही न पाहता म्हणालीस, “मंग काय तुह्या लेकराले आनू?” त्याच्यावर आणखी हशा. पुढच्या ओळीत मी चांद्याहून पळून आले, त्याच्या पुढच्या ओळीत “मले पोटाशी घे” आलं, जसंच्या तसं, माझ्याच रडक्या आवाजात. तुला नक्कल फार छान यायची. धुऱ्याला पोचलो तेव्हा दिवाणजी डोळे पुसत होता.

दुपारी मोहाच्या झाडाखाली शिळा भात आणि अंबाडीची भाजी खायला बसलो. मी जेवले नाही. तू माझ्यासमोर पान सरकवून म्हणालीस, “रडून काऊन राह्यली? नवऱ्याले नाई सोडलं म्या, तुले सोडीन का?” मग घास घेतलास आणि जरा वेळानं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलंस, “पन बसली का नाई बराबर? सांग.” अगं, मी अकरा वर्षांची होते. तुला माझं मत हवं होतं.

रोवणी सरली त्या दिवशी रीतीप्रमाणे बाया मालकाकडे बोजारा, रोवणी सरल्याची खुशाली, मागायला गेल्या. सगळ्यांना मिळून काय द्यायचं ते दिलं, आणि तुला वेगळं एक लुगडं, हिरवं, लाल काठाचं. दिवाणजी म्हणाला, “हे घोडीवाल्या गान्याचं.” तू ते तिथंच खांद्यावर टाकलंस. गावातली पोट्टी मला पाहिली की छातीशी हात नेऊन चुरूचुरू आवाज काढायची, विहिरीवर बाया म्हणायच्या, “भरलं का वो पोट?” मी स्वतः तुला म्हटलं, मला चांद्याला पोचतं कर. तू विचारलं नाहीस का ते. जाताना पाऊस नव्हता म्हणून नवं लुगडं नेसून नदीपर्यंत आलीस आणि डोंगा सुटल्यावर परत फिरलीस. बायांसोबत होतीस, काहीतरी बोलत हसत चालली होतीस.

चांद्याला दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईकडे ग्रामोफोन होता. मी तिथं भांडी घासायला जायचे. एक दिवस तिनं एक तबकडी लावली. कोणी बाई गात होती, भाषा कळत नव्हती, पण तिनं ओळ टाकली की मागून एक तुतारीसारखं वाद्य तिची टर उडवत झील धरत होतं. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. ही तर रोवणी! ठेकासुद्धा तोच, जरासा मागं रेंगाळणारा. पुढं मुंबईत हॉटेलातल्या बँडमध्ये गायला लागले तेव्हा गोव्याचा म्हातारा बँडमास्तर विचारायचा, ठोका असा उशिरा टाकायला तू शिकलीस कुठं, हे शिकवून येत नाही. मी त्याला सांगितलं नाही. चिखल पाय धरून ठेवतो, पाय सुटल्याशिवाय हात खाली जात नाही, म्हणून आपल्या गाण्याचा ठोका जागच्या जागी कधी पडतच नाही. एवढी एक गोष्ट तू मला दिलीस, तीही न देता. तू गेल्याचं मावशीचं कार्ड आलं तेव्हा मी मुंबईतच होते. हिवतापानं गेलीस, चार दिवसांत. मी गावाला आले नाही. त्या संध्याकाळी कामावर गेले, आणि गाणं नेहमीपेक्षा बरं झालं.

मग मी तुझं गाणं केलं. घोडीचं, लुगड्याचं, डोंग्याचं, सगळं. इथले लोक ते ऐकून रडतात. कार्यक्रम संपला की कोणीतरी भली बाई माझे हात हातात घेऊन म्हणते, तुमच्या आईनं ते मुद्दाम केलं असणार, तुम्ही गावात अडकू नये म्हणून स्वतः वाईटपणा घेतला, केवढं ते प्रेम. मी मान हलवते. मनात म्हणते, मूर्ख आहात तुम्ही. माझ्या भल्याचा विचार तुझ्या डोक्यात आला असता तर ठोका चुकला असता. बायांची कंबर मोडली होती, जुनी ओळ मेली होती, आणि आदल्या संध्याकाळी तुझ्या पदरात एक ताजी ओळ आयती येऊन पडली होती. तू ती वापरलीस. एवढंच आहे त्यात. मला हे ठाम माहीत आहे, कारण मी तुझीच जात आहे.

माझ्या लेकीला हिवाळ्यात मुलगा झाला. मी तिच्याकडे राहायला गेले, डिंकाचे लाडू केले, बाळाला तेल लावलं. एक दिवस स्वयंपाकघरात ती दुधाच्या बाटल्या धूत होती, नळ चालू, आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच ती म्हणाली, “आई, मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. कोणीतरी सामान ठेवून गेलंय आणि घ्यायला परत येत नाही, असं वाटतं.” मग ती ओट्याला धरून रडायला लागली. मी उठले, तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, बरं बरं म्हटलं. सगळं रीतसर केलं. आणि तेवढ्यात तिचं अंग ताठ झालं. म्हणाली, “आई, तुझी बोटं. माझ्या पाठीवर ठेका धरतेयस तू.” मी म्हटलं, काहीतरीच काय. पण धरत होते. कोणीतरी सामान ठेवून गेलंय. सगळा जन्म गाव सोडण्यावर गाणी करते आहे, पण असली ओळ मला एकदाही सुचली नव्हती.

काल ती तालमीला आली, बाळाला पोटाशी बांधून. सामानाच्या ओळीआधी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. गाणं संपल्यावर ती सगळ्यांसमोर माझ्यापाशी आली आणि आमच्या मोडक्या मराठीत, वादकांना कळू नये म्हणून, म्हणाली, “ती ओळ काढ.”

मी म्हटलं, “नाव कुठं घेतलंय कोणाचं?”

“तुला एकच मुलगी आहे. तिला एकच मुलगा आहे.”

“तुला बरं वाटतंय आता. ते दिवस गेले.”

“गेले, म्हणूनच सांगतेय. मला आता तो आवडतो. तो मोठा होईल, हे ऐकेल. त्याला मी हे कधीच सांगणार नव्हते, आणि तू ते हजार लोकांना सांगणार.” मग बाळाच्या डोक्यावर हात ठेवून ती अगदी शांतपणे म्हणाली, “मी उद्या येणार आहे. समोर बसणार आहे, ह्याला घेऊन. बघू कशी गातेस.”

आज दिवसभर मी त्या ओळीच्या जागी दुसरी बसवून पाहिली. पाखरू, घरटं, बंद दार, सगळं घालून पाहिलं. एकेक ओळ मेलेल्या मासोळीसारखी पडून राहते, उचललीच जात नाही. म्हणून मग तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, गावात कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि त्यातलं निम्मं पुढच्या रोवणीत मालगुजाराच्या दिवाणजीनं ऐकलं असतं. म्हणून तर तू होतीस तेव्हा मी तुला एक कार्डसुद्धा टाकलं नाही. हेही टाकायचं नाही आहे. मी उद्या ती ओळ गाणार आहे, हे माझं मघाशीच ठरलं. तुला विचारायचं काही उरलं नाही.

एक मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, गाण्यातही घातलेलं नाही, कारण ते घातलं की माझ्यासाठी कोणी रडणार नाही. त्या दिवशी बांधीत तू घोडीची ओळ दुसऱ्यांदा टाकलीस, तेव्हा झील धरणाऱ्यांत मी होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं मी म्हणत होते, दूध पिवाले फिरते गं, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, बिनचूक. मला राहवलं नाही. ते तुला ऐकू आलं. तुझाच कायदा मोडून तू कंबर सरळ केलीस, वळलीस, आणि माझ्याकडे असं पाहिलंस, की तसं आनंदानं माझ्याकडे त्यानंतर कोणीच पाहिलं नाही, नवऱ्यानं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनी नाही. उद्या लेक समोर बसेल. ती ओळ आली की मी तिच्या डोळ्यांत बघणार नाही. तिचे ओठ हलतात का, तेवढं बघणार आहे.